डासताई आणि प्लेटलेट

आता सगळं नीट झालं आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर रक्त काढायच्या खोलीत खिडकीशेजारी ज्या बाई बसतात, त्यांना सगळे डासताई म्हणतात. नाव एका खवचट म्हाताऱ्या पेशंटने ठेवलं. हात पुढे करून, डोळे गच्च मिटून तो बसून राहिला, आणि बाई म्हणाल्या, "झालं, उठा आता." तो म्हणाला, "अहो, तुम्ही बाई आहात की डास?" तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांचे यजमान शिंपी. घरात दोघंही सुईवरच जगतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि आपणच हसतात.

दवाखान्याच्या कामात जायची इच्छा असलेल्या शाळकरी मुलांना तिथे काम करणाऱ्या माणसांशी ऑनलाइन बोलायला मिळावं, अशी एक योजना निघाली. डॉक्टर पुष्कळ मिळाले, नर्स मिळाल्या, पण लॅबमधलं कोणी पुढे येईना. योजनेचं काम पाहणाऱ्या बाई डासताईंच्या मागेच लागल्या.

"मला कुठं बोलता येतं?" डासताई म्हणाल्या. "दिवसभर माझं बोलणं म्हणजे मूठ आवळा, मूठ सोडा."

"तेवढंच सांगा मुलीला," त्या बाई म्हणाल्या.

मुलगी दहावीतली. योजनेचा नियम असा, की खरं नाव सांगायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही, पत्ता तर नाहीच. काही निरोप असेल तर तो त्या बाईंमार्फत. मुलीने स्वतःला नाव घेतलं होतं प्लेटलेट. डासताईंनी विचारलं, "हेच का गं?" ती म्हणाली, "वर्गात सगळ्यांत लहान मी. आणि रक्तात सगळ्यांत लहान प्लेटलेट. पण रक्त वाहायला लागलं की पहिल्यांदा धावते तीच." डासताई तिथेच विरघळल्या. पोटी मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी दुपारी लॅपटॉपसमोर बसायच्या आधी त्या केस विंचरायला लागल्या, तेव्हा यजमान म्हणाले, "आमच्यासाठी कधी विंचरले नाहीस एवढे."

चार-पाच शनिवार छान गेले. मग प्लेटलेटने हट्ट धरला, की रक्त कसं काढतात ते प्रत्यक्ष बघायचंय. यजमानांची साखर तपासायची होतीच. डासताई म्हणाल्या, पुढच्या शनिवारी बघू.

त्या शनिवारी यजमान बाही वर करून बळीच्या बोकडासारखे बसले. मुलीकडे घराला रंग लावायचं काम चाललं होतं, सामान सगळं मधोमध ओढलेलं. लॅपटॉप एका ट्रंकेवर ट्रंक रचून ठेवला होता आणि ती समोर उभी होती. डासताईंनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुईचं टोपण काढलं. पलीकडे धपकन आवाज झाला. स्क्रीनवर नुसतं छत आणि रंगाने अर्धवट भरलेली भिंत.

"प्लेटलेट? अगं प्लेटलेट!"

रोज खुर्चीवर कोणी ना कोणी डोळे फिरवतंच. डासताई एका हाताने सावरतात आणि दुसऱ्याने कापूस दाबतात. पण इथे हात पोचेना. मुलीचं खरं नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही. लॅपटॉपला तोंड लावून त्या ओरडल्या, "कोण आहे का घरात? अहो, कोणी आहे का?"

"कोण आहे?" आतून पुरुषी आवाज आला. "दार उघडंच आहे, या की!"

"दारात नाही, लॅपटॉपमध्ये आहे मी! मुलगी पडलीय, बघा आधी!"

हातात ब्रश घेतलेला एक माणूस धावत आला. तो तिचा मामा. "अरे देवा! पाणी मारू का तोंडावर?"

"पाणी नको. उताणी झोपवा. पाय धरा आणि वर उचला. आणखी वर!"

मामाने ब्रश दातात धरला आणि भाचीचे दोन्ही पाय उचलले. थोड्या वेळाने खालून बारीक आवाज आला, "मामा, पायाला रंग लावलास." डासताईंचा जीव भांड्यात पडला. यजमानांच्या दंडाला पट्टा तसाच होता. हात जांभळा पडायला लागला तेव्हा त्यांनी आठवण करून दिली. तपासणी राहिली ती राहिलीच.

पण जीव भांड्यात पडला तो फार वेळ राहिला नाही. दोन दिवसांनी योजनेच्या बाईंचा फोन आला. मुलगी योजना सोडतेय. म्हणते, सुई बघूनच मी पडले, हे काम माझ्यासाठी नाही, कॉमर्सला जाते.

डासताईंना जेवण गोड लागेना. दहावीतल्या पोरीपुढे सुई नाचवायची काय घाई होती? "एवढी हौस होती पोरीला," त्या यजमानांना म्हणाल्या, "आणि मी एका दुपारी तिची वाट लावली."

"कॉमर्सला जाणं म्हणजे वाट लागणं नव्हे," यजमान म्हणाले. "पण तू एकदा बोल तिच्याशी. नाहीतर माझ्या शर्टाच्या बाह्या तुझ्या उसाशांनीच उडून जातील."

डासताईंनी एकच भेट मागून घेतली. योजनेच्या बाईही कॉलवर थांबल्या. मुलगी मान खाली घालून बसली होती, शेजारी मामा.

"सॉरी ताई. माझ्याच्यानं होणार नाही. रक्त बघून चक्कर येणारी लॅबवाली कोणाला हवी?"

समजूत घालायची म्हणून डासताई तयारी करून आल्या होत्या. पण ऐन वेळी, खुर्चीवर कोणी कोसळलं की विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"रक्त दिसलं होतं का तुला?"

"नाही. तुम्ही टोपण काढलंत, तेवढ्यात अंधार आला."

"त्याच्या आधी कसं वाटत होतं?"

"हातपाय गार पडले होते. सकाळपासूनच."

"सकाळपासून? खाल्लं काय होतंस?"

मुलीच्या आधी मामाच उसळला. "काय खाणार? आदल्या रात्रीपासून उपाशी! मी ताट पुढं केलं तर म्हणते, नको, ताईंनी सांगितलंय. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही हो हिनं!"

"मी? मी कधी सांगितलं?"

"सांगितलंत की," प्लेटलेट म्हणाली. "आदल्या कॉलच्या शेवटी. पुढच्या शनिवारी रक्त काढू, उपाशीपोटी ये."

डासताईंनी कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांत खोलीतून बाहेर जाणाऱ्या कोणालाही त्यांनी दुसरं काही सांगितलेलंच नव्हतं. रक्ताचं नाव निघालं की पुढचं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. आपण काय बोललो ते कानांना कळायचंही नाही.

"अगं वेडे, ज्याचं रक्त काढायचं त्यानं उपाशी राहायचं! बघणाऱ्यानं कशाला?"

"मला वाटलं, शिकणाऱ्यांचाही नियम असेल."

मागून यजमान हळूच म्हणाले, "आणि मी त्या दिवशी भरपेट जेवून बसलो होतो." योजनेच्या बाई आपला माइक बंद करायला विसरल्या होत्या; त्यांचं हसणं सगळ्यांना ऐकू गेलं. मामा तर गुडघ्यावर हात मारून मारून हसला. डासताईंना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि चष्मा पुसायचं निमित्त करून त्या जरा बाजूला झाल्या.

"म्हणजे मला रक्ताची भीती नाही?" प्लेटलेटने विचारलं. तिला अजून खात्री पटत नव्हती.

"ते मला नाही सांगता येणार. बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"मग आत्ता दाखवा."

"आज जेवलीस का?"

"दोनदा," मामा म्हणाला. "माझ्या वाटणीचंही."

यजमान उपाशी नव्हते, पण उपाशी नसतानाची साखरही बघायचीच होती. त्यांनी कुरकुर करत बाही वर केली. मुलीला डासताईंनी भिंतीला टेकून जमिनीवर बसवलं, मामाला शेजारी. पट्टा, मूठ, सुई. ट्यूबमध्ये रक्त चढायला लागलं. मामाने तोंड दुसरीकडे फिरवलं. पलीकडून धपकन काही आवाज आला नाही. प्लेटलेट लॅपटॉपच्या इतकी जवळ सरकली, की स्क्रीनवर फक्त तिचा एक डोळा आणि अर्धी भुवई उरली.

"ताई, हे एवढं काळपट का आहे? चित्रात तर लाल असतं."

डासताईंनी सुई काढली, टोचल्या जागी कापूस ठेवला, यजमानांचा अंगठा त्यावर दाबून दिला आणि सांगायला बसल्या. फुप्फुसातून निघालेलं लालभडक रक्त आणि तिकडे परत निघालेलं काळपट रक्त. मुलीचे प्रश्न संपेनात. यजमान कापूस दाबून बसून राहिले होते. आता सोडू का, असं त्यांनी दोनदा विचारलं. कोणी ऐकलं नाही.