दाजींच्या हातचे बोल्ट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणच्याची बरणी उघडत होते. झाकण घट्ट बसलं होतं. असं झाकण मी कधी थेट सोडवायला जात नाही. आधी आवळायच्या बाजूला जरासं फिरवते, मग सोडते. ही दाजींची सवय, माझ्या हाताला कधी लागली ते कळलंच नाही. झाकण सुटलं आणि फोन वाजला. पलीकडं आक्का. "हे गेलं गं," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठं?" वर्षभर त्यांचं आजारपण डोळ्यांनी बघितलेली मी, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, आणि विचारलं काय, तर कुठं... जयसिंगपूरहून कोल्हापूरला पोचेपर्यंत हाताला मोहरीचा वास येत होता. बरणी मागं ओट्यावर तशीच उघडी राहिली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, तानाजीराव. गगनबावडा रस्त्याला, घराला लागूनच त्यांचं पत्र्याचं शेड. तिथं ते वॉटर स्कूटर दुरुस्त करायचे. पाण्यावर मोटरसायकलसारख्या पळणाऱ्या ह्या गाड्या मालवणकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात, आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की टेम्पोत चढून, घाट ओलांडून दाजींकडं यायच्या. कोल्हापुरात समुद्र नाही हे ठाऊक असलेला माणूस रस्त्यावर थांबून हमखास विचारायचा, "पावणं, पंचगंगेत सोडताय काय ह्या?" दाजी मान वर न करता म्हणायचे, "व्हय, पूर आला की तुम्हास्नीच न्यायला येतोय."

आधी ते उसाच्या चरकांची आणि ट्रॅक्टरची कामं करायचे. त्या कामात बोल्ट म्हणजे सगळा ताकदीचा मामला. पान्याला लांब पाईप जोडायचा आणि अंगाचा भार टाकायचा. पहिली वॉटर स्कूटर आली तेव्हा त्यांनी तेच केलं. तिचा मालक बाबी, मालवणकडचा, शेजारीच उभा होता. ह्या गाडीच्या मागं एक पंप असतो, तो पाणी ओढून मागं फेकतो आणि गाडी पुढं पळते. त्या पंपाचा बोल्ट सुटेना, म्हणून दाजींनी पाईप लावून जोर दिला. बोल्टाचं डोकं तुटलंच, शिवाय बोल्ट बसायचा तो पंपाचा कानही तुटून हातात आला. बाबी शांतपणे म्हणाला, "तानाजीराव, ह्यां मशीन आसा, उसाचो चरक न्हय." दाजी आमच्याकडचे, आवाज चढायला त्यांना काही लागत नसे, पण त्या दिवशी त्यांनी पाना खाली ठेवला. तो तुटका कान कागदात गुंडाळून माझ्याकडं आले. "मास्तरीणबाई, बोल्ट वरनं आरशागत चमकतोय. मग आत कशानं धरला, सांग बघू."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. हे मी कुठंही न लाजता सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दहावीनंतर माझं लग्न काढलं होतं. तेव्हा घरात नवेच जावई झालेले दाजी भरल्या ताटावरनं म्हणाले, "मामा, शिकू द्या की तिला. लगनाचं जेवण चार वर्सांनी खाऊ, मी काय उपाशी न्हाय." जावयासमोर आण्णांना काही बोलता येईना. त्यामुळं दाजींनी प्रश्न विचारला की त्याचं उत्तर शोधणं मला भागच होतं. मी त्यांना सांगितलं, बोल्ट स्टेनलेसचा, पंप अॅल्युमिनियमचा आणि मधे खारं पाणी. दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकत्र आले की बारीक वीज वाहायला लागते, त्यात अॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि बोल्ट जागीच धरतो. दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे बॅटरी हाय की ही!" त्यानंतर येईल त्या मालकाला ते ऐकवायचे, "तुमच्या मशिनीत बॅटरी चालू हाय. आमच्या मेहुणीनं शोधून काढलंय." मी म्हणायचे, "दाजी, मी काही शोधलं नाही, पुस्तकात आहे ते." "पुस्तक वाचलं कुणी? तूच न्हवं?"

त्या तुटक्या कानानंतर दाजींचा हात बदलला. गाडी आली की बिघाड असो नसो, पंपाचे सगळे बोल्ट ते बाहेर काढायचे. काढताना आधी केसभर आवळायचे, म्हणजे आतली भुकटी मोडते, मग सोडायचे. जुनं ग्रीस फडक्यानं पुसायचे. मग अंगठ्याचं नख प्रत्येक आट्यातनं फिरवायचे. खर, म्हणजे चिकटून राहिलेली भुकटी, लागली की पुन्हा ब्रश. ब्रशनं साफ झाल्यावरच चंदेरी ग्रीस. हे ग्रीस आट्यांना लावलं की धातू धातूला धरत नाही. बोल्ट आधी बोटांनी फिरवून बसवायचे, पाना शेवटी, आणि आवळायचं ते पंपाला झेपेल एवढंच. शेवटी बोल्टाच्या डोक्यापासून पंपापर्यंत लाल रेघ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. ही रेघ ते नेलपेंटनं मारायचे. महाद्वार रोडवरनं बाटली आणली ती आक्कासाठी, म्हणजे तसं सांगितलं तरी. आक्का म्हणाली, "शेणात हात घालणाऱ्या बाईला नेलपेंट कशाला?" दुसऱ्या दिवशी बाटली शेडात. "बघ, वाया जाऊ दिली न्हाय," म्हणाले.

मालकांशी मात्र ते सारखे भांडत. गाडी समुद्रातनं वर आली की गोड्या पाण्यानं धुवा, सांगून सांगून थकले. "तुमच्याकडं म्हशी न्हाईत, म्हणून तुम्हास्नी कळत न्हाय. जनावर घामानं भिजलं की धुता का न्हाय? तशीच ही." हंगाम सुरू करताना काही जण गाडीच्याच नाकावर नारळ फोडायचे. दाजी हात जोडायचे. "नारळ फोडा, पर खाली दगडावर फोडा. देवाला पोचतोय तिथनंबी. त्याचं पाणी माझ्या बोल्टात कशाला?" बाबी हसायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाडीवरच फोडायचा.

मग दाजींना साखरेनं गाठलं. आधी पाय बधिर झाले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हाताचं मला अपघातानं कळलं. गेल्या वर्षी मी गेले होते, आक्कानं चुलीवरनं उतरलेला चहा काचेच्या ग्लासात दिला. माझ्या हातात तो धरवेना, पदर लावला. दाजी आपला ग्लास मुठीत धरून निवांत बोलत होते. ग्लास खाली ठेवला तेव्हा तळव्याला फोड आला होता. मी बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं, आणि हात मांडीखाली घेतला. "मास्तरीणबाई, आक्काला बोलू नको." पण आक्काला ठाऊकच होतं. त्याच पावसाळ्यात बाबीची गाडी आली, आणि ती एकट्यानं करायची म्हणून दाजी हट्टाला पेटले. आक्का एरवी सुटे भाग धुऊन द्यायला शेडात असायची, तिलाही आत येऊ देईनात. शटर ओढून घ्यायचे. दुपारी जेवायला यायचे तेव्हा खालच्या ओठाला चंदेरी लागलेलं असायचं. "तोंड पुसा आधी," आक्का ओरडायची. तिला वाटायचं, तोंडाला लागलेलंही कळत नाही, चव जात चालली की काय माणसाची. शेवटी एकदा शटर वर करून म्हणाले, "झालं सगळं बेस." त्यानंतर त्यांनी पाना धरला नाही. गाडी खाली गेली, हंगामभर समुद्रात पळाली. दाजी अंथरुणाला लागले, आणि ह्या मे महिन्यात गेले.

आक्का रडली नाही. दिवसकार्य झाल्यावर मी चार दिवस राहिले, तेव्हा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "दुपारी शेडातनं पान्याचा आवाज येतोय." मी सांगितलं, पत्रा उन्हानं तापतो, प्रसरण पावतो, वाजतो. ती म्हणाली, "व्हय, तसंच आसंल." दुसऱ्या दिवशी मी सोप्यात पडले होते, आणि ऐकलं... कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. आधी एक बारीक, मग एक मोठा. आवळायचा आणि सोडायचा. प्रसरण मला चांगलं शिकवता येतं, पण मी कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळी आक्का म्हणाली, "मला त्या बाबीच्या मशिनीचं भ्या वाटतंय." गल्लीतल्या मिस्त्र्यांत कुजबुज होती, तानाजीरावांनी ती गाडी घ्यायला नको होती, हातात राहिलं काय होतं त्यांच्या. "बोल्ट धरलेलं निघालं, तर हे शटर लावून आत नुसतंच बसत हुते, असं हुईल गं. आणि मला बेस म्हणून सांगितलं. ह्यांनी मला कधी खोटं सांगितलं न्हाय."

समुद्र बंद झाला आणि बाबी आला, तेव्हा मी पुन्हा आक्काकडंच होते. भेटायला आला, पण टेम्पोत गाडीही होती. दर वर्षीची सवय. दारात उभा राहून त्यालाच कसंतरी झालं. "वैनीनू, मी ह्यां परत व्हरतंय. दुसऱ्याकडे बघतंय." आक्का म्हणाली, "ठेवा ती हितंच. मी उघडणार हाय." बाबीनं माझ्याकडं बघितलं. मी टेम्पोकडं बोट केलं, उतरवा म्हणून. इतकी वर्षं तिनं नुसतं रॉकेलनं भाग धुतले नव्हते, दाजींचा हातही बघितला होता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. बाहेर पाऊस, पत्र्यावर त्याचा एकसारखा आवाज. आक्का दाजींच्या पाटावर बसली, मी बॅटरीचा उजेड धरला. पंपावरच्या लाल रेघा बघून मी बॅटरी आणखी जवळ नेली. दाजींची रेघ म्हणजे फूटपट्टीनं मारल्यासारखी. ह्या रेघा वाकड्या, थरथरत गेलेल्या, एक तर ओघळून खाली सुकलेली. आक्कानं पाना बसवला. हात थांबला. मग आवळायच्या बाजूला केसभर... आणि सोडायला. कट्. पुढं बोल्ट असा फिरत आला की पाना बाजूला ठेवून तिनं तो बोटांनीच काढला. आट्यांत चंदेरी तसंच, पांढऱ्या भुकटीचा कण नाही. दुसरा तसाच. मग सगळे तसेच. तिनं एकेक आट्यातनं अंगठ्याचं नख फिरवलं, कुठंच खर लागली नाही.

"हाताला तर काय कळत नव्हतं," ती म्हणाली. "मग ह्यांनी बघितलं कशानं?" बोल्ट उजेडात धरायला तिनं हात वर नेला, आणि तो हात तोंडाजवळ थांबला. दुसऱ्या हाताची बोटं तिच्या खालच्या ओठावर गेली... जुनं ग्रीस पुसलं तरी आट्यांत थोडं चंदेरी उरतंच, आणि बधिर अंगठ्यावर भरवसा न ठेवता दाजी प्रत्येक बोल्ट ओठावरनं फिरवून बघत होते, कुठं खर उरली का म्हणून. बंद शटरआड, कुणी बघू नये म्हणून. "आणि मी तोंड पुसा म्हणत हुते," आक्का म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. पाऊस होता, ते एक बरं.

रडून झाल्यावर तिनं फडकं घेतलं. जुनं पुसल्याशिवाय नवं लावायचं नाही, हा दाजींचा नियम. म्हणजे त्यांच्या हातचं ते चंदेरी आता पुसायचंच होतं. तिनं एकेक बोल्ट पुसला, सावकाश, बाळाचे कान पुसावेत तसा. मी बॅटरी धरून होते, पण बघवत नव्हतं. नवं ग्रीस लागलं, बोल्ट बसले, आवळून झाले. मग तिनं फळीवरनं नेलपेंटची बाटली घेतली. मी म्हटलं, "आक्का, ती आता उघडायची नाही. वर्षभरात झाकण धरलं असणार." तिनं ऐकलं नाही. झाकण आधी आवळायच्या बाजूला जरासं फिरवलं, मग सोडलं. ते अलगद निघून आलं. आम्ही दोघींनी बाटलीचा गळा उजेडात धरला. काचेच्या आट्यांना दाजींनी चंदेरी ग्रीस लावून ठेवलं होतं.

आक्कानं सगळ्या बोल्टांवर लाल रेघा मारल्या. मग झाकण लावून बाटली परत फळीवर ठेवली. त्या आट्यांवरचं तिनं पुसलं नाही.