डाव्या बाजूची ढोलकी

रविवार सकाळ. हजर: मी, शेजारचे काका आणि त्यांनी घेतलेला तिसरा हेडफोन. काका भीमगीतांच्या मंडळात गातात. हेडफोन लावला की सगळ्यांशी ओरडून बोलतात.

“आमच्या रेकॉर्डिंगात ढोलकीच नाही येऊन राह्यली. हाही बेकार. घरी सराव कसा करू? सोडतो आता मंडळ.”

मी हेडफोन लावून ऐकलं. रेकॉर्डिंगात ढोलकी फक्त डाव्या बाजूला होती आणि काकांना त्याच कानाने कमी ऐकू येतं. मी कॉम्प्युटरवर दुसरा प्लेअर टाकला, त्यात दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र केला. काकांची बोटं टेबलावर ठेका धरू लागली.

“आली. मंडळवाल्यांले सांग, तालमीले येतो म्हणा.”

राहिलेलं काम: काकांचा कान यवतमाळला डॉक्टरांना दाखवणे. विषय काढला, तर म्हणाले, “कायले? ऐकू येऊन राह्यलं ना आता.”