कुंकू लावलेली रेकॉर्ड

सांगलीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी यांनी मला विचारलं, "मास्तर आलं न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "येतील की," आणि पाय दाबत राहिले. खरं सांगायला तेवढीच वेळ होती. संध्याकाळी हे गेले... त्याला आता दीड महिना झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मी कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण आत ठेववतही नाही.

हे कोयनेच्या धरणावर वायरमन होते. तिथला एक अमेरिकन साहेब मायदेशी जाताना रेकॉर्ड वाजवायची पेटी आणि बारा रेकॉर्ड यांना देऊन गेला. सगळं त्याच्याच देशातलं, अलीकडचं संगीत. पुठ्ठ्यावरचं इंग्रजी मास्तर वाचून सांगायचे. मास्तर म्हणजे कराडच्या हायस्कुलातले, यांचे जिवलग. दर रविवारी सायकलवरून आमच्या गावी यायचे. एका रेकॉर्डवर शंभरेक माणसं एकदम वाजवायची. हे दरवेळी म्हणायचे, "बघा मास्तर, कुणी कुणाच्या फुडं पळत न्हाई. आमच्या भावकीला ऐकवाय पायजे." दुसऱ्या एका रेकॉर्डवर, पुठ्ठ्यावरच्या फोटोतली एक सावळी बाई एकटीच गायची. तिचे शब्द मला कळत नव्हते, पण प्रत्येक ओळीआधी ती श्वास घ्यायची तो ऐकू यायचा. तेवढ्यासाठी मी स्वैपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची. बस असं कुणी म्हटलं नव्हतं, ऊठ असंही नाही.

दोन वर्षांमागं खंडेनवमीला हे शेतात होते. मी विळा, खुरपं, यांची पक्कड पुजली, मग पेटीही पुजली. पेटीवर त्या बाईची रेकॉर्ड होती. तिला कसं वगळायचं, म्हणून ओल्या कुंकवाची पाच बोटं तिच्यावर ओढली. नंतर फडक्यानं पुसून पुठ्ठ्यात घातली. दसऱ्याला मास्तर सोनं द्यायला आले आणि तीच रेकॉर्ड मागून आणलेल्या पेटीवर घरी ऐकायला घेऊन गेले. आठवड्यानं परत आणली. यांनी लावली तर बाई श्वास घेई आणि तिथंच अडके. पुन्हा श्वास, पुन्हा तिथंच. मास्तर म्हणाले, आठवडाभर त्यांच्याकडं वीज नव्हती, त्यांनी लावलीच नाही. हे म्हणाले, "बिघडली तर बिघडू दे मास्तर. खोटं कशाला बोलताय?"

मास्तरांनी चपला घातल्या आणि गेले, ते पुन्हा आले नाहीत. मी चहाचे कप घेऊन दारातच उभी होते. रेकॉर्डच्या रेघांत माझं कुंकू बसलंय, हे मला कळलं होतं. सांगितल्यावर हे मला अडाणी म्हणाले असते तर सोसलं असतं. पण पेटीजवळ फिरकू नको म्हणाले असते तर... म्हणून गप्प राहिले. अशी दोन वर्षं गेली.

तेराव्याला मास्तर आले. मंडळी पांगल्यावर मी खाली मान घालून सगळं सांगितलं.  मास्तर म्हणाले, "वैनी, हे मला न्हाई, त्यास्नी सांगायचं हुतं." थोड्या वेळानं विचारलं, "माझं नाव काढायचे का कवा?"

"नाव न्हाई काढलं," मी म्हटलं. "पर रविवारी चहा दोन कप सांगायचे आन् दाराकडं बघत बसायचे. गार झाला की मला म्हणायचे, बस, तूच पी."

मास्तर डोळे पुसत उठले. त्यांना एक सांगायचं मात्र राहिलं. तो चहा मी यांच्या शेजारी, मास्तरांच्याच खुर्चीवर बसून प्यायचे, आणि मला तो गोड लागायचा.