टाकलेला पेपर

आजकालच्या पोरी म्हणतात, लिटरेचर रिव्ह्यू काय, एका विषयावरचं छापून आलेलं संशोधन तर चाळायचं, बसल्या बैठकीत होतो. होत असेल बाई! आमचा कॉलेजात असताना अकोल्यातल्या भाड्याच्या खोलीत झाला आणि त्यापायी मी जिवाच्या मैत्रिणीशी अबोला धरला होता. तरी ते दिवस आठवले, की जीव अजून त्या खोलीकडे ओढ घेतो.

विषय होता खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाऊन आखडत जाणारं तोंड. मीच मागून घेतला होता, कारण तिकडे मोर्शीला माझ्या बाबांचं तोंड असंच मिटत चाललं होतं. जन्मभर ठेचा खाल्लेला माणूस फिक्कं वरण-भात चिवडत बसायचा. मला बघवत नसे.

नियम असा, की दोघांनी तेच पेपर वेगवेगळे वाचायचे, कोणता घ्यायचा, कोणता टाकायचा ते आपापलं ठरवायचं, आणि तोवर ब्र काढायचा नाही. माझ्या जोडीला तीच मैत्रीण, आणि आम्ही तर एका खोलीत राहणाऱ्या! एकीनं खिडकीकडे तोंड करून वाचायचं, दुसरीनं भिंतीकडे. चहावर घरमालकिणीची यथेच्छ निंदा, पण पेपरांचा विषय बंद. काय हसायचो आम्ही!

शेवटी निवड ताडून पाहिली, तर एकाच पेपरावर गाडी अडली. तोंडाच्या व्यायामानं मोठा फरक पडतो, असं त्यात होतं. मी घेतला होता, तिनं टाकला होता.

"तुलनेले व्यायाम न करणारा गटच नाही त्यात. कावून घेतं?" तिनं विचारलं.

"तुले काय जाते? तुह्या बापाचं तोंड उघडते ना!" मी उसळले.

"म्हणूनच टाकला," ती म्हणाली. "काका तुह्या शब्दावर भरोसा ठेवतीन."

मी ताडकन उठून बाहेर गेले आणि अबोला धरला. पुढे आमच्या गाइड मॅडमनी निवाडा केला: पेपर बाद. 'खात्रीचा पुरावा आढळला नाही' हे वाक्य मीच टाइप केलं, रडत रडत.

सुट्टीत घरी गेले. बाबांनी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "मंग, सापडला का इलाज?"

"पक्का नाही, बाबा. व्यायाम करू, पण पहिल्यासारखं होईन असं मी नाही म्हनू शकत. खर्रा चालू राह्यला तं अजून आखडन."

बाबा खाटेवर बसले.

"सारे म्हनत होते, होऊन जाईन बरं," ते म्हणाले. "म्हनून तं खर्रा खात राह्यलो, बाई."