मॉरीनबाईंच्या पणजोबांचं पत्र

जुन्या कागदाचा वास आला की डब्लिनमधल्या माझ्या घरमालकीण मॉरीनबाई आठवतात. मी तिथे इतिहास शिकत होते. बाईंचे पणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले होते. बाईंची नजर अधू, म्हणून पणजोबांची पत्रं मीच वाचून दाखवली. एकात लिहिलं होतं, ‘गुलामांना सोडवायचंय हे आधी कळलं असतं, तर बंदूक धरलीच नसती.’ बाईंनी ते पत्र माझ्या हातून घेऊन घडी घालून ठेवलं.

रविवारी सगळे जेवायला जमले, तेव्हा त्या नातवंडांना म्हणाल्या, “माझे पणजोबा गुलामांच्या सुटकेसाठी लढले. विचारा हिला, हिने पत्रं वाचलीत!”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली.

बाईंनी मला दगा दिला, असं कितीतरी दिवस वाटत राहिलं. आता वाटतं, दगा मीही दिला. ज्यांची सुटका त्या माणसाला नको होती, त्यांना.