तेल काढलं, बूच उघडेना

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही निलंग्याला राहत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ओव्हरसियर होते. लोहा, देगलूर अशा ठिकाणी दुष्काळी कामावरची रस्तेबांधणी करत ते शेवटी इथं निवृत्त झाले. मी इथल्याच शाळेत शिकवत होते. दादांनी नांदेडच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडून विलायती मोटार घेतली होती, जवळजवळ माझ्याच वयाची. ती चालवायला त्यांनी मला शिकवलं होतं, पण गावाबाहेर स्वतःच न्यायचे. आमच्या बौद्धवाड्यातली ती पहिली मोटार, त्यामुळे ती आमच्या एकट्यांची कधी राहिलीच नाही. कुणाला विंचू चावला की लोक आधी आमच्या दारात.

त्या उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या बाजूनं घुईं असा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाजही चढायचा. मिस्त्री म्हणाला, डिफरन्शियल गेलं. म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रं. इतक्या जुन्या गाडीचं सामान मिळणार नाही, भंगारात घाला, असा त्याचा सल्ला. दादा म्हणाले, आधी गिअरबॉक्सचं आणि मागचं, दोन्ही तेल बदलून बघू. त्यांच्या कमरेनं दगा दिला होता, म्हणून गाडीखाली शिरायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी सकाळी दादांनी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणली. गरम तेल पातळ होतं, गाळासकट बाहेर पडतं. मग चारही चाकं सारख्या उंचीच्या फरशांवर चढवली. मी दादांचा जुना शर्ट-पायजमा घालून खाली सरकले. गिअरबॉक्सचं काम विनातक्रार झालं. मागचं करताना दादांनी बजावलं होतं की वरचं, तेल भरायचं बूच आधी खोलायचं, मगच खालचं. ते पाणी प्यायला आत गेले. वरचं जरा घट्ट वाटलं, खालचं पाना लावताच फिरलं. मी ते खोलून टाकलं.

काळं तेल डब्यात आलं ते फारच थोडं. दादांनी ते मलमलच्या फडक्यातून गाळलं आणि फडक्यावरची करडी राड बोटांनी चोळून चोळून पाहिली. लोखंडाचा एकही तुकडा नव्हता.

"दात शाबूत हायत," ते म्हणाले आणि ओट्यावर टेकले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला.

मग मी वरच्या बुचाला हात घातला. ते हलेना. जोर लावला तसा पाना सटकला आणि बुचाचे कोपरेच गोल झाले. आता पाना धरायलाही जागा उरली नाही, आणि नवं तेल भरायची वाट तीच.

"खालचं आधी खोललं का?" दादांनी विचारलं.

मी हो म्हणाले. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

तेवढ्यात शेजारच्या मावशी धावत आल्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि पहाटेपासून कळा देत होती. मूल पायाळू आहे, ताबडतोब लातूरला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखान्याची जीप बाहेरगावी गेलेली, एसटी थेट चार वाजता.

फरशांवर चढवलेल्या गाडीकडे बघून मावशी म्हणाल्या, "दादा, गाडी खोलून ठेवली का?"

"अर्ध्या तासात निघू. पोरीला तयार करा," दादा म्हणाले. कसं निघणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी परत खाली शिरले. घाबरून नुसतीच वर बघत होते. मागच्या आसाच्या माथ्यावर अंगठ्याएवढं काहीतरी मातीनं लिंपलेलं दिसलं. मी दादांना विचारलं. ते म्हणाले, आतली गरम हवा बाहेर जायचं टोपण ते. नखानं खरवडलं तर भोक धुळीनं पार बंद. तेव्हा दादांच्या ध्यानात आलं. हवेला वाट नाही, म्हणून ती तेलाला चाकांच्या बाजूनं बाहेर ढकलत होती. तेल कमी पडलं म्हणून आवाज.

"इथून हवा बाहेर येते, तर तेल आत जाईल की," मी म्हणाले.

टोपण सहज फिरलं. नवं तेल एरवी काकवीसारखं घट्ट, पण डबा सकाळपासून पत्र्यावर उन्हात तापला होता. ते पाण्यासारखं झालं होतं. दादांनी गाडीच्या पुस्तकातलं माप बघून तेवढंच मोजून दिलं. खालचं बूच आवळून मी रबरी नळीनं आणि नरसाळ्यानं ते धार तुटू न देता आत सोडलं. थेंबही सांडला नाही.

वाटेत मावशींच्या लेकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दादा मान तिरकी करून मागचा आवाज ऐकत गाडी हाकत होते. औसा मागं पडलं तरी घुईं आली नाही, फक्त तिचं कण्हणं. लातूरच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं.

ऊन उतरताना नर्सनं मुलगी झाल्याचं सांगितलं. दोघी सुखरूप होत्या. मावशी माझे तेलकट हात धरून रडल्या. दादांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आडवे होऊन निलंगा येईपर्यंत गाढ झोपले.