बिनधुराची चूल आणि आमच्या बाई

मुक्यालाही बोलतं करून वर "अजून काही राहिलं का?" असं विचारणारी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या नशिबी वरिष्ठ म्हणून आली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका संस्थेनं गावोगावी बिनधुराच्या चुली बसवल्या होत्या. बायका त्या वापरतात का, हे घरोघर विचारायचं आमचं काम. मी विशीची, दोन वेण्यांची, स्वतःला फार हुशार समजणारी. "चूल आवडली ना?" असं मी विचारी, घरधनीण "व्हय" म्हणे, की झाली कागदावर खूण. दिवसाला तीस घरं! बाई जेमतेम तीन करत. समोरचा बोलायचा थांबला की त्या नुसत्या बघत बसत. त्यालाच ती शांतता सोसवेना, मग तो खरं काय ते बोले. एस.टी.च्या कंडक्टरनं "पुढं सरका" म्हटलं, तरी उतरेपर्यंत त्याच्या बहिणीचा सासुरवास बाईंना पाठ झालेला असे.

एकदा सांगोल्याजवळच्या वाडीत बाई माझे कागद तपासायला निघाल्या. वडिलांनी बजावलं होतं, नोकरी गेली की केम गावच्या स्थळाला होकार.

"चूल लई चांगली हाय की," घरधनीण म्हणाली.

"आजची भाकरी कशावर केलीत?" बाईंनी विचारलं.

"...परड्यात. जुन्या चुलीवर."

"बरं. मग?" आणि बाई गप्प.

घरधनीण जरा चुळबुळली आणि सुटलीच. "मग काय! भाकरी इस्तवापुढं उभी करून शेकायची आसती. हिचं तोंड मांजरीयेवढं. भाकरी उभी कुटं करू, डोस्क्यावर? फुकट दिलीया, नावं कशी ठिवू?"

बाहेर आल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "एवढी घाई कशाची गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

बाई बघत राहिल्या. बाभळीखाली उभं राहून मी केमच्या स्थळाच्या मिशांपर्यंत सगळं ओकले.

"उद्या सहाला स्टँडवर ये," त्या म्हणाल्या. "या वाडीतली सगळी घरं पुन्हा करू."

बारा दिवस त्या माझ्याबरोबर उन्हात हिंडल्या. साहेबांना म्हणाल्या, "पोरीचं काम सावकाश, पण पक्कं आहे." नोकरी टिकली, मिशा टळल्या, पुढच्या चुलींची तोंडंही रुंद झाली. पुढं तीस वर्षं मी परक्या घरांत बसून लोकांना बोलतं केलं.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मी त्यांना पोचवायला कचेरीच्या फाटकापर्यंत गेले. घरी त्यांचं कोण होतं, मला ठाऊक नव्हतं. "बाई, सगळं बरं आहे ना?" मी विचारलं. "बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. मी शहाणी, लगबगीनं टांगा बोलवायला धावले.